आज्जीचं खरं वय कसं शोधायचं? चर्चात शंभरीची उपकारस्तुती करायची आहे

शहापूरची_नात

नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, पण इथं आमच्या सीमाभागातले, रेल्वेतले, मिशनच्या शाळेत शिकलेले असे सगळ्या प्रकारचे लोक आहेत म्हणून विचारूलालेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची आज्जी, म्हणजे बाबांची आई, बेळगावात आमच्याजवळच असते. तिचं वय नेमकं किती हे घरात कुणालाच सांगता येत नाही. आधारवर ०१/०१/१९३० आहे, ते कसं आलं तर कॅम्प लागला होता तिथल्या पोरानं वय विचारलं आणि काकांनी तोंडाला येईल ते सांगून टाकलं. पेन्शनच्या कागदावर १९२८. मतदार कार्डावरच्या वयाचा हिशोब केला तर ती आमच्या थोरल्या आत्यापेक्षा फक्त बारा वर्षांनी मोठी निघते, आत्या म्हणते मग काय मला शाळेतनं सुट्टी काढून जन्म दिला काय.

डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली, गावभर लाइटिंग आणि टीव्हीवर सारखं तेच. आज्जी ते बघता बघता एकदम म्हणाली, "गांधी आले तेव्हा मी पोटात होते की." आम्ही सगळे गप्प. तिची आई बायबलबाई होती, म्हणजे मडमसाहेबांबरोबर खेड्यापाड्यात जाऊन बायकांना वचन वाचून दाखवायची, अक्षरं शिकवायची. तर म्हणे १९२४ चा नाताळ झाला आणि लगेच मिशन कंपाऊंडातल्या चारपाच बायका चालत टिळकवाडीकडं गर्दी बघायला गेल्या, हिची आई पोटुशी असून गेली, घरी येऊन सासूच्या शिव्या खाल्ल्या. हे आज्जीला तिच्या आईनं सांगितलेलं. अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबरला झालं हे तर पुस्तकातच आहे, म्हणजे आज्जीचा जन्म १९२५ च्या पहिल्या काही महिन्यांतला धरायला पाहिजे. आणि तसं असेल तर तिला आत्ता शंभर होतायत आणि आम्ही इकडं पंच्याण्णव धरून बसलोय!

थोडं तिच्याबद्दल सांगते म्हणजे शोधायला कुठनं सुरुवात करायची ते तुम्हाला कळेल. शाळा मिशनची. मग मिरजेच्या वान्लेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला गेली, पुरं केलं की मध्येच सोडलं यावर तिचं आणि आत्याचं एकमत नाही. लग्न युद्धाच्या काळात, आज्जा रेल्वेत. सासर शहापूर. शहापूर त्या वेळी सांगली संस्थानात होतं, त्यामुळं आज्जी अजून ऐटीत सांगते की मी इंग्रजांच्या हद्दीतनं पटवर्धन सरकारच्या हद्दीत लग्न होऊन आले, अंतर बघायला गेलं तर टांगा सुरू होईपर्यंत संपतंय. पुढं आज्जाची बदली कॅसलरॉकला, तिथं बरीच वर्षं काढली. पलीकडं पोर्तुगीजांचं गोवं, स्टेशनात कस्टमवाले, आणि पाऊस असा की कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवायचे. पाच पोरं तिथंच वाढली. तिथं आमचं चर्च कुठलं असायला, मग घरातच रोज संध्याकाळी दिवा लावून प्रार्थना आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनासाठी, म्हणजे चर्चातल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीसाठी, आगगाडीनं बेळगाव. रेल्वेचा पास होता म्हणून जमलं असं ती म्हणते, पण पास तर बाकीच्यांनाही होता. पोरांचे पांढरे कपडे वेगळ्या पिशवीत, कारण कोळशाच्या इंजिनाची काजळी. ते कपडे बेळगाव स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये घालायचे. बाबा म्हणतात आम्हाला चर्चचा देव आठवत नाही, ती वेटिंग रूम आठवते.

आणि आता. रविवारी पहाटे पाचला उठून बसते. बारीक काठाची इरकल, रुमालाच्या टोकाला बांधलेलं अर्पण, हातात कव्हर गेलेलं गीतांचं पुस्तक. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसते आणि डोक्यावरचा पंखा बंद करायला लावते, मागं कितीजण घामानं निथळूलालेत याची तिला फिकीर नाही. उपदेश लांबला की घड्याळ नसलेलं मनगट वर करून बघते, पाळकसाहेबांना ते बरोबर दिसतं. दोन वर्षांमागं खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तीन महिने हलायचं नाही म्हटलं, ही सहाव्या रविवारी व्हीलचेअरवर चर्चात. ऐकायला कमी येतं, मशीन लावत नाही, पण पेटीचा पहिला सूर लागला की कुठलं गीत ते हिला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि मग एक ओळ पुढंच गात असते.

तर आम्हाला तिच्यासाठी चर्चात उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, उपासना ठेवायची आहे. जन्मसाल पक्कं कुठं मिळेल? मिळालं तर पेन्शनच्या कागदाला त्याचा काही उपयोग होतो का? आणि उपासना कुठल्या भाषेत ठेवावी, कारण आमच्याकडं मराठी उपासना आता महिन्यातनं एकदाच असते, नातवंडांतली निम्मी कानडी मीडियमची, पंतवंडं तर इंग्लिशच. आज्जीला मराठीच पाहिजे.

जुनी_वही

सलाम ताई. मी आमच्या चर्चच्या मंडळीचा बरीच वर्षं सेक्रेटरी होतो, निपाणी बाजूचा, हे रजिस्टर प्रकरण माझ्या आवडीचं आहे त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा मिशन कुठलं ते बघा. बेळगावात १८२० पासून लंडन मिशनरी सोसायटीचं काम होतं, १९०४ ला ते मेथडिस्टांकडं आलं. तुमची आज्जी मेथडिस्ट मंडळीतलीच असेल तर १९२५ ची वही त्या बदलीच्या नंतरची, म्हणजे मंडळीच्या कपाटात सापडायचा चान्स बरा आहे. कॅम्पातलं पलटणीचं चर्च वेगळं, त्यांच्या नोंदीच्या नकला मुंबईला आणि तिथनं विलायतेला जात होत्या, पण त्यात बहुतेक गोरे साहेब आणि सोल्जर लोकांचीच नावं, तिकडं वेळ घालवू नका.

पाळकसाहेबांना लेखी अर्ज द्या आणि बाप्तिस्म्याची वहीच नको, सभासदांची, लग्नाची आणि दफनाची अशा सगळ्या वह्या बघायला मागा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाप्तिस्म्याची तारीख पक्की असते, जन्मतारखेचा रकाना कधी भरलेला असतो कधी नाही. आडनाव शोधत बसू नका, त्या काळात कितीतरी नोंदीत आडनावच नाही, नुसतं बापाचं नाव आणि धंदा. आईचा धंदा बायबलबाई म्हणून लिहिलेला असेल तर तुमचं काम एकदम सोपं. आणि माहेरचं नाव विचारून घ्या, लग्नात नाव बदललं असेल तर तुम्ही सासरच्या नावानं आख्खी वही चाळाल आणि काही मिळायचं नाही.

लग्नाची नोंद १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणं करत होते, त्यात वयाचा रकाना छापीलच आहे. वर-वधूच्या बापाचं नाव, धंदा, राहायचं ठिकाण सगळं त्यात येतं. फक्त वय पाळकानं विचारून लिहिलेलं, एक-दोन वर्षं इकडंतिकडं चालतंय. मिरजेलाही नर्सिंगला घेताना वय लिहून घेत असणारच, पण ते शेवटी बघा.

घरात जुनं मोठं बायबल आहे का? पुढची नाहीतर मागची कोरी पानं बघा. आपल्या लोकांत जन्म, बाप्तिस्मा, मरण सगळं तिथं लिहायची पद्धत होती. माझ्या चुलत्याची जन्मवेळ आम्हाला मलाखीच्या शेवटच्या पानावर मिळाली, जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्याच्या मधल्या कोऱ्या जागेत.

आणखी एक ताळा सांगतो. १९३५ ला पंचम जॉर्जच्या राज्याची पंचवीस वर्षं झाली तेव्हा शाळाशाळांतनं मिठाई वाटली होती. आज्जीला ज्युबिलीची मिठाई आठवते का आणि त्या वेळी कितवीत होती ते विचारा.

आता महत्त्वाचं. नुसतं नाव जुळलं म्हणून उडी मारू नका. पहिलं मूल गेलं तर त्याचंच नाव पुढच्या मुलाला ठेवलेलं मी आमच्याच वहीत तीन घरांत बघितलंय. म्हणून दफनाची वही शेजारी उघडून ठेवूनच बघायचं.

लोंढा_जंक्शन

मी रेल्वेतनंच रिटायर, पेन्शनचं तेवढं सांगतो. चर्चचं इतरांनी सांगावं, मी मारुतीवाला.

फॅमिली पेन्शनमध्ये ८० पूर्ण झाली की मूळ फॅमिली पेन्शनच्या २० टक्के जादा, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० पूर्ण झाली की १०० टक्के. म्हणजे शंभर भरल्या त्या महिन्याच्या एक तारखेपासून मूळ रक्कम डबल. (यावर डीआर, म्हणजे महागाईचा, वेगळा.) कागदावर १९२८ असेल तर त्या आत्ता पन्नास टक्क्यांत असायला पाहिजेत, पासबुक काढून बघा ते तरी लागतंय काय. किती तरी म्हाताऱ्यांना ८० चंच लागलेलं नसतं आणि घरच्यांना पत्ता नसतो.

बँक पीपीओवरची, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी आदेशावरची, तारीख बघते, चर्चची चिठ्ठी बघत नाही. तारीख बदलायची तर बँकेत भांडून उपयोग नाही, आज्जा ज्या डिव्हिजनमधनं रिटायर झाले तिथनं पीपीओत दुरुस्ती व्हायला पाहिजे. सध्या आपला पट्टा हुबळी डिव्हिजनात, साउथ वेस्टर्न. पण आज्जा लागले तेव्हा एम अँड एस एम (मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे), मग १९५१ ला सदर्न, १९६६ ला साउथ सेंट्रल, त्यामुळं फाइल कुठल्या कपाटात आहे ते देव जाणे. कागद म्हणून ते पॅन, पासपोर्ट, मतदार कार्ड असलं मागतात. बाप्तिस्म्याचा उतारा सोबत जोडा, वजन येतं, पण त्या एकट्यावर होईल अशी आशा धरू नका. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळं घाईत आणखी एक चुकीची तारीख घालून ठेवू नका.

आणि नोव्हेंबरातल्या जीवन प्रमाणपत्राला बोटाचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरनं होतंय आता मोबाइलवर. ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतंय. त्यांना उचलून बँकेत नेऊ नका.

कॅसलरॉकचं वाचून बरं वाटलं. मी तिथं चार पावसाळे काढलेत. तुमची आज्जी खरंच दर महिन्याला पोरं घेऊन बेळगावला जात असेल तर मी टोपी काढतो, घाटात दरड आली की गाडी कधी येईल ते स्टेशन मास्तरालाही माहीत नसायचं.

सरळसोट

शंभर काय आणि सत्त्याण्णव काय, म्हातारी आहे तोवर केक कापा की. उगाच वह्या कशाला उकरायच्या.

मलप्रभेकाठचा

@सरळसोट, डबल पेन्शन वाचली नाही वाटतं.

ताई, आम्ही खानापूरकडचे कॅथलिक, घरात कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कानडी. आमची आज्जी सत्त्याण्णव पुरी करून गेली, तिचं वय मात्र आम्हाला पहिल्यापासून पक्कं माहीत होतं कारण आमच्यात बाप्तिस्म्याच्या वहीतच बाजूच्या समासात पुढं लग्नाची नोंद करतात, १९०८ पासून तसा नियमच आहे. त्यामुळं एका ओळीवर बोट ठेवलं की माणसाचं अर्धं आयुष्य कळतं. फक्त जुनं सगळं लॅटिनमध्ये. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ ला झाला, त्याच्या आधी इकडच्या काही भागावर गोव्याचा अधिकार आणि काहींवर पुण्याचा, त्यामुळं आमच्या एका काकांची नोंद शोधायला आम्ही भलतीकडंच पत्रं पाठवत होतो. तुमच्याकडं ती भानगड नसावी.

दुसरं भाषेचं. आमच्या आज्जीच्या वेळी मिस्सा, म्हणजे आमची चर्चातली उपासना, कानडीत ठेवली कारण फादर कानडीच होते, आणि शेवटी एक कोकणी गीत. ती पुढच्या बाकावर बसून पूर्ण मिस्साभर तेर्साचे, म्हणजे जपमाळेचे, मणी ओढत होती, तिला भाषेशी काही घेणंदेणं नव्हतं, फादर चांगले दिसतात एवढंच म्हणाली घरी येऊन. पण तुमची आज्जी गाणारी आहे. गाणाऱ्या माणसाला दुसऱ्या भाषेत बसवून ठेवू नका. कानडीत एक प्रार्थना, इंग्लिशमध्ये पंतवंडानं एक वचन वाचायचं, गीतं सगळी मराठी.

शहापूरची_नात

सगळ्यांना थँक्यू. काल जाऊन आलो, बाबा, आत्या आणि मी. पाळकसाहेबांनी स्वतः कपाट उघडून दिलं, चहा पण पाजला.

@जुनी_वही काका, तुम्ही म्हणालात तस्संच निघालं. आज्जीच्या माहेरच्या नावाच्या दोन नोंदी आहेत. बाप तोच, आई बायबलबाई, कंपाऊंड तेच. एक १९२२ ची आणि एक १९२५ ची. आत्या पहिलीच नोंद बघून "बघा, शंभरच्या वर गेली" म्हणून ओरडली, मी म्हटलं थांबा आणि दफनाची वही घेतली. १९२३ च्या पावसाळ्यात तेच नाव, कारणाच्या रकान्यात ताप एवढंच. दीड वर्षाची पोर. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, त्यांना साठ-पासष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं की आज्जीच्या आधी एक होती.

दुसरी नोंद आमच्या आज्जीची. जन्म मार्च १९२५, बाप्तिस्मा ५ एप्रिल १९२५. म्हणजे गांधींच्या वेळी पोटात होते हे बरोबरच, हिशोब बसतोय. ज्युबिलीचं पण विचारलं. मिठाई आठवते, चौथीत होते म्हणाली, आणि एक बिल्ला मिळाला होता तो भावानं हरवला याचा राग अजून आहे.

घरी आल्यावर ती पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. आत्यानं जरा चाचरतच विचारलं, तुझ्या आधी एक बहीण होती काय गं. आज्जी म्हणाली, "होती की. तिचं नाव, तिचा पाळणा, तिचा फ्रॉक, सगळं मलाच आलं. फ्रॉक चांगला होता, मडमेनं दिलेला." मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, तर म्हणे कुणी विचारलं नाही. आणि पुन्हा शेंगा. थोड्या वेळानं तिनंच सांगितलं की तिच्या आईनं त्या वर्षी खेड्यांवर जायचं सोडलं होतं आणि मडमसाहेब रोज संध्याकाळी घरी येऊन नुसत्या बसून जायच्या, मराठी त्यांना धड येत नव्हतं. हे पण आईनंच सांगितलेलं. मग हिच्या वेळी सातव्या महिन्यात बाई गांधींना बघायला चालत गेली! सासू का चिडली असेल ते आता कळतंय.

बाबांना त्या पोरीची जागा बघायची होती. स्मशानभूमीच्या जुन्या भागात दगडच नाहीत, गवत आहे. वहीत नंबर पण नाही. ते परत येऊन आज्जीजवळ बसले.

पेन्शनचं आज्जीला सांगितलं, डबल होईल म्हणून. "होईल तर घ्या की, पण चर्चचा दशांश मी देणार," असं उत्तर आलं. पासबुक बघितलं, पन्नास टक्के लागतंय. @लोंढा_जंक्शन काका, अर्ज लिहायला तुमची मदत लागेल, मेसेज केलाय.

जुनी_वही

फार छान झालं ताई. ५ एप्रिल १९२५ म्हणजे झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा, बरं का. त्या वर्षी ईस्टर १२ एप्रिलला होता. सणाच्या रविवारी बाप्तिस्मे ठेवायची रीत होती, त्यामुळं त्या पानावर आणखी पोरं असतील, त्यांची नावं लिहून आणा. त्यातलं कुणी हयात नसेल पण त्यांच्या घरचे बेळगावात असतील, त्यांना उपासनेला बोलवा. आणि पाळकसाहेबांकडनं सही-शिक्क्याचा उतारा घ्या, नुसता मोबाइलवर फोटो नको.

कोपऱ्यातली_पेटी

मी चर्चात पेटी वाजवते, चाळीसेक वर्षं तरी झाली असतील, असल्या उपकारस्तुत्या ढीगभर वाजवल्यात, म्हणून न विचारता सांगते.

तारखेचा घोळ होणार आहे. यंदा, २०२५ ला, राखेचा बुधवार ५ मार्चला आणि ईस्टर २० एप्रिलला, म्हणजे आज्जीचा वाढदिवस बरोबर लेंतमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत. उपासना मार्चमध्ये करा, तिला कुणाची हरकत नाही, पण मटण-बिर्याणीचं जेवण लेंतमध्ये ठेवलंत तर जुनी माणसं ताटावरून उठून जातील आणि तुमची आज्जीच पहिली असेल. आणि सगळंच ईस्टरनंतर ढकलू म्हणाल तर ते पण नको. शंभराव्या वर्षी दीड महिना हा फार मोठा असतो, स्पष्ट बोलते.

वचनाचं: कृपा करून नीतिसूत्रे ३१ वाचू नका. प्रत्येक बाईच्या लग्नाला, वाढदिवसाला आणि दफनाला तेच. त्यातली बाई रात्रीचा दिवा विझवत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी जन्मभर ऐकलंय. स्तोत्र ७१ घ्या, म्हाताऱ्या माणसाच्याच तोंडचं आहे, किंवा तिलाच विचारा, शंभर टक्के तिचं एक ठरलेलं असणार. आणि साक्ष द्यायला, म्हणजे चार शब्द बोलायला, प्रत्येक काका-मामाला उभं करू नका. एक मुलगा, एक नात, बस. नाहीतर ती मनगट वर करंल.

गीतांचं: तिच्या त्या फाटक्या पुस्तकाचा फोटो काढून कुठल्या पानावर सगळ्यात जास्त डाग आहेत ते बघा, तीच गीतं घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं असतील तर टाळ हवेत, नुसत्या कीबोर्डवर ती मरतात. रेव्हरंड टिळक तुमची आज्जी जन्मायच्या सहा वर्षं आधी, १९१९ ला गेले, म्हणजे तिच्या आईच्या वेळी ती भजनं अगदी नवी होती, आणि चाली तोंडातनं तोंडात आल्यात. आता कीबोर्डवाली पोरं सगळं एकाच तालात बसवतात. आज्जीला तिच्या चालीनं गाऊ द्या आणि पेटीवाल्याला तिच्या मागं जायला सांगा. ती एक ओळ पुढं आहे असं तुम्ही म्हणता, मला वाटतं तुमची मंडळी हळू गाते.

कानडी मीडियमच्या नातवंडांसाठी गीतं मराठीच ठेवून कानडी लिपीत टाइप करून छापा. आमच्याकडं सर्रास करतात. पोरं बघून घडाघडा म्हणतात आणि शब्द तेच राहतात. अक्षर मोठं ठेवा.

शहापूरची_नात

@कोपऱ्यातली_पेटी काकू, तुमचं सगळं आज्जीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मंडळी हळू गाते यावर तिनं टाळी दिली.

लेंतचा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हता. तर ठरलं असं की उपासना मार्चमध्येच, त्यानंतर फक्त चहा, कुंदा आणि चिवडा. जेवण ईस्टरच्या पुढच्या रविवारी, २७ एप्रिलला. काका म्हणत होते कुंदा तरी लेंतमध्ये चालतो काय, आज्जी म्हणाली कुंद्यात मटण घालत्यात काय.

वचन तिचं खरंच ठरलेलं निघालं, पण ते कुठलं हे पाळकसाहेबांनाच सांगणार म्हणाली, आम्हाला नाही. दोन साक्षींत मी आणि बाबा. आत्या रुसलीय.

कानडी लिपीत गीतं टाइप करायचं काम माझ्या चुलत भावानं घेतलंय पण त्याला 'ळ' आणि 'ल' मधला फरक कळत नाही, म्हणून कुणी आधीच टाइप केलेली मोठ्या अक्षरातली फाइल असेल तर पाठवा. आणि टाळ बेळगावात कुठं चांगले मिळतात, गणपत गल्लीत बघितले ते फार हलके आहेत.